कुत्रा घरात पाळायचाय? मग आधी छोटी जागा, मग अख्खं घर

पिल्लू घरी आणून दोन-तीन आठवडे झाले की सगळ्यांच्या तक्रारी साधारण त्याच असतात. सोफ्यामागे शू करतो, हात चावतो, रात्रभर रडतो, आम्ही जरा बाहेर पडलो की भुंकून शेजाऱ्यांना हैराण करतो. प्रत्येकाला वाटतं आपल्याच नशिबात हट्टी पिल्लू आलं. पिल्लू बहुतेक वेळा एकदम नॉर्मल असतं, गडबड क्रमात झालेली असते. पहिल्या दिवशी लाडाने अख्खं घर मोकळं करून द्यायचं आणि पंधरा दिवसांत गालिचा नासला की वैतागून बाल्कनीत बांधून टाकायचं, हा सगळ्यात नेहमीचा प्रकार. करायचं बरोब्बर उलटं असतं. आधी छोटी जागा, आणि तो शिकत जाईल तशी एकेक खोली उघडत न्यायची. खालचे सगळे टप्पे ह्याच हिशोबाने लावलेत, त्यामुळे मधले टप्पे गाळून डायरेक्ट शेवटच्यावर जाऊ नका. मोठा कुत्रा दत्तक घेतला असेल तरी क्रम हाच, फक्त तो काही टप्पे भराभर पार करेल आणि एखाद्यावर जास्त दिवस अडेल.

टप्पा १ : आणायच्या आधी घरातल्यांचं एकमत

घरात चार माणसं असली की चार नियम तयार होतात आणि कुत्रा त्यातून स्वतःचा पाचवा काढतो. तेव्हा तो यायच्या आधीच सगळ्यांनी एकदा बसा, ठरवा आणि कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवा. काय काय ठरवायचं?

सोफा आणि बेड. चढू द्यायचं की नाही, दोन्ही चालतं, पण एक काय ते फिक्स करा. आज एवढंसं आहे म्हणून मांडीवर घेऊन सोफ्यावर बसवायचं आणि उद्या तेच वीस-पंचवीस किलोचं झालं की हाकलायचं, ह्यात त्याला काय बदललं ते कळायला मार्गच नसतो.

शब्द. बाबा 'बस' म्हणतात, ताई 'सिट' म्हणते, आजी 'बस रे बाळा खाली' म्हणते आणि 'खाली' हाच शब्द दादा सोफ्यावरून उतरवायला वापरतो. एका कामाला एकच शब्द ठेवा, मराठी की इंग्रजी ह्याने कुत्र्याला काही फरक पडत नाही.

कामं. पहाटे कोण उठणार, दुपारी कोण बघणार, रात्री कोणाचा अलार्म. लहान मुलं "आम्ही सगळं करू" म्हणून शपथा घेतात, त्यांच्या भरवशावर राहू नका. काम मोठ्या माणसाच्या नावावर, मुलं मदतीला.

आणि सुट्टी. पहिले दोन आठवडे कोणीतरी एक जण घरी असलाच पाहिजे. ते जमणार नसेल तर आणायची तारीख पुढे ढकला, कारण हेच दोन आठवडे पुढच्या सगळ्या सवयी ठरवतात. घर भाड्याचं असेल तर मालकाची परवानगी लेखी घ्या, आणि कुत्र्याची नोंदणी लागते का तेही आत्ताच विचारून ठेवा.

वयाचं एक सांगतो. ८ आठवड्यांच्या आतलं पिल्लू आईपासून तोडून आणू नका. किती जोरात चावलं की समोरचा कळवळतो हे ते आई-भावंडांकडून शिकतं, ती शाळा बुडाली की टप्पा ८ (चावणं) तुम्हाला दुप्पट जड जातो.

टप्पा २ : गुडघ्यांवर बसून घर बघा

खरंच बसा, लाजू नका. उभं राहून घर सुरक्षित वाटतं, पिल्लाच्या उंचीवरून बघितलं की चार्जरची लोंबणारी वायर, पलंगाखाली गेलेली गोळीची स्ट्रिप, कपाटाखालचं रबरबँड, सगळं दिसायला लागतं. वायरी वर बांधा किंवा पाइपमध्ये घाला, कचऱ्याच्या डब्याला घट्ट झाकण, चपला-बूट कपाटात, बाल्कनीच्या गजांमधून डोकं जात असेल तर जाळी. टाइल्स गुळगुळीत असतील तर तो वावरणार त्या भागात मॅट टाका, पाय सारखे घसरत राहणं वाढत्या सांध्यांना चांगलं नाही.

खाण्यातल्या ह्या गोष्टी त्याच्या तोंडाला लागता कामा नयेत: चॉकलेट (त्यातलं थिओब्रोमिन कुत्र्याच्या शरीरातून फार हळू बाहेर पडतं), द्राक्षं आणि बेदाणे (किडनी बंद पडू शकते), कांदा-लसूण कच्चा असो की शिजवलेला (रक्तातल्या लाल पेशी फुटतात), आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ). हे शेवटचं बऱ्याच जणांना माहीत नसतं. शुगरफ्री च्युइंगगममध्ये आणि काही पीनट बटरमध्ये असतं, त्याने रक्तातली साखर झपाट्याने खाली येते आणि लिव्हरवरही परिणाम होऊ शकतो. पीनट बटर देणार असाल तर डब्यावरचं लेबल आधी वाचा. आपल्या गोळ्यांपैकी पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन वगैरे स्वतःच्या मनाने कधीही देऊ नका. उंदराचं औषध घरात कुठे ठेवलेलं असेल तर ते आजच काढून टाका.

सावधान: विषारी काही खाल्लं असं वाटलं तर मीठ-पाणी पाजून उलटी काढायच्या भानगडीत पडू नका, त्यानेच जास्त नुकसान होऊ शकतं. काय खाल्लं, किती, किती वाजता आणि कुत्र्याचं वजन किती, हे घेऊन लगेच व्हेटला (जनावरांच्या डॉक्टरला) फोन करा. पाकीट सोबत न्या. व्हेटचा आणि रात्री चालू असणाऱ्या दवाखान्याचा नंबर त्याच फ्रिजवरच्या कागदावर हवा.

आता त्याची जागा ठरवा. एक कोपरा, जिथे घरातले लोक दिसतात पण येण्या-जाण्याच्या वाटेत येत नाही. हॉलची एक बाजू बेस्ट. मुलांसाठी दाराला लावतात तसं गेट किंवा घडीचं कुंपण लावून तो भाग वेगळा करा. स्टोअररूम, बाथरूम, बाल्कनी नको. तो कळपातला प्राणी आहे, नजरेआड टाकला की रडणारच.

टप्पा ३ : सामान

ह्यात फार अडकू नका. क्रेट (दाराचा पिंजरा, त्याची झोपायची जागा), गादी, दोन जड वाट्या, हार्नेस (गळ्याऐवजी छातीभोवती बसतो तो पट्टा) आणि दीड-दोन मीटरचा साधा पट्टा, चावायच्या तीन-चार वस्तू, एन्झाइमवाला क्लीनर (लघवीचा वास मुळापासून घालवणारा), आणि तो आधी जे खात होता तेच खाणं निदान दहा दिवस पुरेल एवढं. भारीतलं बेड आत्ता घेऊ नका, दात येताना ते फाडलं जाणार.

क्रेटच्या साइजमध्ये मात्र लोक हमखास फसतात. मोठा झाल्यावरही पुरावा म्हणून भलामोठा घेतात आणि पिल्लू एका टोकाला शू करून दुसऱ्या टोकाला आरामात झोपतं. उभं राहता, वळता आणि पाय ताणून झोपता येईल एवढीच जागा ठेवायची. मोठा घेतलाच असेल तर मधे पार्टिशन टाका.

टप्पा ४ : पहिला दिवस आणि पहिल्या रात्री

शक्यतो सकाळी आणा, म्हणजे रात्र पडेपर्यंत त्याला वास-आवाज ओळखायला दिवसभर मिळतो. दारातून आत न्यायच्या आधी जी शी-शूची जागा ठरवली आहे तिथे न्या, तिथे काही झालं तर शाबासकी, मग आत. आत म्हणजे फक्त त्याचा कोपरा. घर दाखवायला फिरवू नका. आणि पाहुणे बोलवू नका प्लीज, पहिले तीन-चार दिवस "बघू बघू" करत दहा हातांमधून फिरलेलं पिल्लू रात्री दमून चिडचिड करतं आणि मग म्हणतात रात्री त्रास देतो. पिल्लं दिवसाचे १८ ते २० तास झोपतात. झोपलंय तर उठवायचं नाही, फोटोसाठी सुद्धा नाही.

रात्री क्रेट तुमच्या पलंगाशेजारी ठेवा. आयुष्यात पहिल्यांदा ते एकटं झोपतंय, हात खाली सोडला की वास येईल एवढ्या अंतरावर तुम्ही असलात तर निम्मं रडणं तिथेच थांबतं. 'रडू दे, सवय होईल' हा सल्ला शेजारीपाजारी देतीलच, तो ह्या वयात नको. आठ-नऊ आठवड्यांच्या पिल्लाला रात्रीतून एक-दोनदा शूला न्यावंच लागतं. ते रडायची वाट बघू नका, त्याच्या थोडं आधीचा अलार्म लावा, उचलून न्या, दिवे मंद, बोलणं नाही, खेळणं नाही, परत आत. दिवसा कोपऱ्यात आणि रात्री शेजारी असं काही आठवडे चालू द्या, मग क्रेट रोज थोडा थोडा सरकवत हव्या त्या जागी न्या.

क्रेटची सवय पहिल्या दिवशी दार लावून होत नाही. दार उघडं ठेवून खाऊ आत टाका, तो आत जाऊन खाऊन बाहेर येऊ दे. मग जेवण आत. मग जेवताना दार लोटायचं आणि वाटी संपायच्या आत उघडायचं. मग आत झोप लागल्यावर दार लावायचं. रागावून क्रेटमध्ये कोंडायचं नाही, एकदा जरी ती जागा शिक्षेची झाली की मागची सगळी मेहनत वाया. आणि दिवसभर क्रेटमध्ये ठेवून ऑफिसला जायचं हा क्रेटचा उपयोग नव्हेच.

तपासा: खाऊ न दाखवता तो स्वतःहून क्रेटमध्ये जाऊन पडतो का? तसं व्हायला लागलं की मग दार लावलेला वेळ वाढवा.

टप्पा ५ : शी-शू

इथे जरा सावकाश वाचा, निम्म्या लोकांचं सगळं इथेच फिसकटतं.

पहिला हिशोब वेळेचा. पिल्लू जेवढ्या महिन्यांचं, त्यात एक मिळवा, साधारण तेवढे तास ते जास्तीत जास्त रोखू शकतं. दोन महिन्यांचं असेल तर तीन तास. पण ही ताणलेली लिमिट झाली. जागं आणि खेळतं पिल्लू अर्ध्या-पाऊण तासातही करतं. म्हणून घड्याळ बघून नेण्यापेक्षा ह्या प्रसंगांना न्या: झोपेतून उठल्या उठल्या, खाणं-पाणी झाल्यावर ५ ते २० मिनिटांत, खेळ थांबला की लगेच, क्रेटमधून काढल्यावर, आणि झोपायच्या आधी. सुरुवातीला दिवसातून दहा-बारा चकरा होतात. कंटाळा येतो, पण ह्याला शॉर्टकट नाही.

दुसरं, खूण ओळखा. खेळता खेळता अचानक नाक जमिनीला लावतो, दोन पावलं जातो, परत वळतो, त्याच टाइलवर गोल फिरतो आणि मागचे पाय किंचित आखडतात. हे सगळं चार-पाच सेकंदांचं काम. त्या वेळी तुम्ही मोबाइलमध्ये असाल तर गेलं. म्हणूनच पहिल्या आठवड्यांत पिल्लू तीनपैकी एका ठिकाणीच असायला हवं: तुमच्या नजरेसमोर, क्रेटमध्ये, किंवा शीच्या जागी. नजर ठेवता येत नसेल तर हलका पट्टा स्वतःच्या कमरेला बांधा, तो फार लांब जातच नाही.

मग प्रत्यक्ष क्रम असा.

१. पट्टा लावून त्याच एका जागी न्या, दरवेळी तीच वाट, तोच शब्द.
२. तिथे गप्प उभे राहा. झाडासारखे. त्याच्याशी बोलत बसलात तर तो खेळायला आलोय असं समजतो.
३. झालं की संपता संपता शाबासकी आणि खाऊ, तिथल्या तिथे. घरात आल्यावर दिलेला खाऊ 'घरात आल्याबद्दल' मिळाला असं त्याच्या डोक्यात बसतं.
४. झाल्यावर जरा फिरवा. करताक्षणी घरात आणलं तर हुशार पिल्लं शू रोखून धरायला शिकतात, कारण केलं की मजा संपते.
५. पाच-सात मिनिटांत काही झालं नाही तर परत आणा, मोकळं सोडू नका, कमरेला बांधा किंवा क्रेटमध्ये ठेवा आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा न्या. 'बाहेर केलं नाही आणि घरात आल्यावर लगेच केलं' ही तक्रार इथल्या आळसातून येते.

पॅडवर (लघवी शोषणारा, फरशीवर अंथरायचा तुकडा) करायचं की बाहेर, सुरुवातीपासून एकच पद्धत निवडलेली बरी. वरचा मजला आहे, लस पूर्ण नाही म्हणून पॅड वापरणं भाग असेल तर पॅड दाराजवळ ठेवा आणि नंतर तेच रोज थोडं थोडं बाहेरच्या दिशेने सरकवा. गालिचे तोवर गुंडाळून ठेवा, पॅड मऊ आणि गालिचाही मऊ, त्याला तो फरक कळत नाही.

घरात झालंच तर? करताना दिसलं तर टाळी वाजवून थांबवा, उचलून जागेवर न्या, उरलेलं तिथे झालं तर शाबासकी. नंतर दिसलं तर काहीही करायचं नाही, गुपचूप पुसायचं. नाक त्यात घासणं, पेपरची गुंडाळी, ओरडणं, ह्यातून तो एवढंच शिकतो की माणसासमोर शू करणं धोक्याचं, मग तो पडद्यामागे जाऊन करतो आणि बाहेर तुमच्यासमोर करत नाही. 'पण त्याला कळतं ना, तोंड बघा कसं अपराधी करतो', असं म्हणणाऱ्यांसाठी: कुत्र्यांच्या वर्तनाच्या संशोधक अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांनी २००९ मध्ये ह्यावर प्रयोग प्रसिद्ध केला होता, त्यात ते 'अपराधी' तोंड कुत्र्याने खरंच चूक केली होती का ह्यापेक्षा मालक रागावला का ह्यावर अवलंबून निघालं. तो तुमच्या आवाजाला घाबरलेला असतो.

पुसताना अमोनियावालं काही वापरू नका, लघवीतही तोच वास असतो. एन्झाइमवाला क्लीनर टाकून बाटलीवर लिहिलंय तेवढा वेळ राहू द्या, मग पुसा. आपल्या नाकाला वास गेला म्हणजे त्याच्या नाकाचा गेला असं नसतं. फरशीचं कुठलंही लिक्विड पूर्ण वाळेपर्यंत त्याला तिथे सोडू नका, पाय चाटून ते पोटात जातं.

तपासा: सलग दोन आठवडे त्याच्या कोपऱ्यात एकही अपघात नाही? तर पुढची जागा उघडायचा विचार करा. उलट जमलेलं अचानक बिघडलं, सारखी थेंब थेंब शू होतेय किंवा रक्त दिसतंय तर ट्रेनिंग बाजूला ठेवा आणि व्हेटकडे जा.

टप्पा ६ : खाणं

आधीचंच खाणं पहिले काही दिवस चालू ठेवा. बदलायचं असेल तर ७ ते १० दिवसांत, पहिल्यांदा पाव हिस्सा नवीन, मग अर्धा, मग पाऊण. एका दिवसात बदललं की जुलाब ठरलेले. चार महिन्यांपर्यंत दिवसातून तीन-चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन, पुढे दोन. वाटी पंधरा-वीस मिनिटांनी उचला, उरलं तरी. दिवसभर भरलेली वाटी ठेवली तर शीची वेळ कधीच सेट होत नाही. पाणी मात्र दिवसभर हवं.

किती द्यायचं हे पाकिटावर असतं, तो फक्त अंदाज. बरगड्यांवरून हात फिरवा, दाबावं न लागता हाताला लागल्या पाहिजेत आणि वरून बघितलं तर कंबर दिसली पाहिजे. ट्रेनिंगचा खाऊ रोजच्या खाण्यातूनच वजा करा. शिजवलेली हाडं नकोत, त्यांचे टोकदार तुकडे होतात.

जेवणाऱ्या माणसाच्या ताटातून एकानेही एकदाही भरवायचं नाही. हे सगळ्यांना पटतं आणि आजोबा टेबलाखालून देतच राहतात. त्यांना थांबवायचा एकच उपाय मला चालताना दिसलाय: त्यांनाच खाऊचा डबा द्या आणि 'बस' शिकवायची ड्यूटी त्यांच्याकडे सोपवा.

टप्पा ७ : लस, जंत, बाहेरचं जग

घरी आल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत व्हेटकडे तपासणी. मुख्य लशी ६ ते ८ आठवड्यांपासून सुरू होतात, दर २ ते ४ आठवड्यांनी, आणि शेवटचा डोस १६ आठवड्यांचं झाल्यावर किंवा त्यानंतर यायला हवा. इतके डोस का, तर आईकडून आलेलं संरक्षण अंगात असेपर्यंत लस नीट लागत नाही आणि ते नेमकं कधी संपेल हे प्रत्येक पिल्लात वेगळं. त्यामुळे 'दोन झाले, पुरे' म्हणून थांबलात तर पार्व्हो, डिस्टेंपर ह्या पिल्लांच्या जीवघेण्या आजारांना दार उघडंच. रेबीजची लस सहसा १२ आठवड्यांपासून देतात, तारीख व्हेट सांगेल ती. जंताचं औषध, गोचीड-पिसवांचं औषध वजनावर ठरतं, मोठ्या कुत्र्याचं उरलेलं औषध पिल्लाला लावू नका. घरात मांजर असेल तर व्हेटला आधी सांगा, कुत्र्यांच्या काही औषधांत पर्मेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं आणि ते मांजरांना विषारी आहे.

इथे एक मोठा पेच आहे. पार्व्होचा व्हायरस मातीत कित्येक महिने टिकतो म्हणून लस पूर्ण होईपर्यंत बाहेर नेऊ नका सांगतात, आणि दुसरीकडे नवीन गोष्टी न घाबरता स्वीकारायचं वय साधारण ३ ते १४ आठवड्यांचंच असतं. चार महिने घरात डांबलेलं पिल्लू पुढे छत्रीला, हेल्मेटला, मुलांना, सगळ्याला भुंकतं. मधला रस्ता म्हणजे कडेवर. उचलून बाहेर न्या, जमिनीवर ठेवू नका, रहदारी दाखवा, दाढीवाला माणूस, काठीवाली बाई, सायकल, पाऊस, कुकरची शिट्टी, मिक्सर, सगळं लांबून आणि खाऊ खात खात. लस झालेल्या, ओळखीच्या, शांत कुत्र्याशी घरात भेट घडवा. घाबरून शेपूट आत घेतली, खाऊ नाकारला, तर अंतर वाढवा. ओढत जवळ नेऊन 'काही नाही होत' करू नका.

सावधान: पिल्लाला उलट्या-जुलाब आहेत आणि सोबत मलूल पडलंय, तर सकाळपर्यंत थांबू नका, पिल्लांच्या अंगातलं पाणी फार लवकर कमी होतं. कुत्र्याचं नॉर्मल तापमान साधारण १०१ ते १०२.५ फॅरेनहाइट असतं, त्यामुळे अंग गरम लागलं म्हणजे ताप असं नाही, थर्मामीटरने बघा.

टप्पा ८ : चावणं

दुधाचे २८ दात साधारण चौथ्या महिन्यापासून पडायला लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत ४२ पक्के येतात. ह्या काळात ते चावणारच, तुम्ही फक्त काय चावायचं ते ठरवू शकता. हाताने कुस्ती खेळायची नाही, आज गंमत वाटते. दात लागला की हात झटकू नका (झटकलेला हात म्हणजे पळणारं खेळणं), हात सैल सोडा, खेळ बंद, चावायची वस्तू तोंडापुढे. पुन्हा आलं तर उठून गेटच्या पलीकडे जा, पंधरा-वीस सेकंद, परत या. हे घरातल्या प्रत्येकाने सेम करायचं.

संध्याकाळी अचानक वेड लागल्यासारखं घरभर पळतं आणि पायजमा धरून लोंबकळतं, त्या वेळी शंभरपैकी नव्वद जण त्याला अजून खेळवून 'दमवायला' जातात. ते आधीच झोपेला आलेलं असतं. शूला न्या, क्रेटमध्ये चावायला काही द्या, पाच मिनिटांत झोपतं की नाही बघा.

गुरगुरल्यावर मात्र ओरडू नका. वाटीजवळ गेलं की गुरगुरतो, तर तो सांगून टाकतोय की त्याला टेन्शन आलंय. ते सांगणं दाबलं तर पुढच्या वेळी न सांगता चावा येतो. वाटीजवळून जाताना तिच्यात काहीतरी जास्त छान टाकत जा, म्हणजे माणूस जवळ आला की मिळतं असं त्याला वाटेल. खाताना वाटी काढून घेऊन 'कोण मोठा' हे दाखवायची पद्धतच हा प्रॉब्लेम तयार करते. मोठा कुत्रा गुरगुरत असेल किंवा चावा झालाच असेल तर घरगुती प्रयोग थांबवा आणि वर्तनाचं जाणणाऱ्या व्हेटकडे जा.

सावधान: कोणत्याही कुत्र्याच्या दाताने कातडी फाटली तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि डॉक्टरकडे जा. 'घरचाच आहे' म्हणून सोडून देऊ नका.

टप्पा ९ : एकटं राहणं

हा टप्पा लोक सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी सुरू करतात. दोन आठवडे चोवीस तास अंगाखांद्यावर आणि सोमवारी सकाळी एकदम नऊ तास सुनसान. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासूनच सुरू करा.

१. तो जागा, पोट भरलेलं, शू झालेली. तुम्ही गेटच्या पलीकडे जा आणि तो रडायच्या आत परत या. पाच सेकंद असले तरी चालतील.
२. खोलीबाहेर, नजरेआड. दहा सेकंद, तीस, एक मिनिट, परत वीस. सारखं वाढवत नेलं की तोही ओळखतो, म्हणून कमी-जास्त करत राहा.
३. किल्ल्या उचला आणि सोफ्यावर बसा. बूट घाला आणि स्वयंपाकघरात जा. म्हणजे ह्या आवाजांचा अर्थ 'गेले' असा राहत नाही.
४. खरं दार, बाहेरून बंद. सुरुवात पुन्हा काही सेकंदांपासून.
५. जाताना मिठ्या-निरोप नको, आल्यावर धिंगाणा नको.

घरात जुना मोबाइल कॅमेरा चालू ठेवून बघा, कारण शेजारी सांगतात ते आणि प्रत्यक्षात होतं ते वेगळं असतं. थोडं कुरकुरून झोपला तर छान. दाराशी येरझाऱ्या, लाळ गळणं, एरवी तुटून पडतो तो खाऊ तसाच पडलेला, असं दिसलं तर ती भीती आहे. मागच्या पायरीवर या. दार खरवडून नखं रक्ताळेपर्यंत गेलं असेल तर व्हेटचा सल्ला घ्या, नुसत्या सरावाने ते आटोपत नाही.

टप्पा १० : मुलं आणि पाहुणे

लहान मूल आणि कुत्रा एकटे एका खोलीत नकोत, कितीही गरीब कुत्रा असला तरी. मुलांना तीनच नियम: झोपलेल्याला हात नाही, खाणाऱ्याला हात नाही, क्रेटमध्ये गेला की तो 'घरी' नाही. गळ्यात पडून मिठी मारलेली बऱ्याच कुत्र्यांना आवडत नाही, तोंड फिरवणं, ओठ चाटणं, डोळ्याचा पांढरा भाग दिसणं ह्या खुणा मुलांनाही शिकवा.

पाहुणे आले की पट्टा लावा, चारी पाय जमिनीवर असतील तरच हात लावू द्या. पाहुणे म्हणतातच 'असू दे हो, आम्हाला आवडतं', त्यांना हसून सांगा पण नियम सोडू नका.

टप्पा ११ : नखं, कान, अंघोळ

रोज दोन मिनिटं पंजे हातात घ्या, कान उचलून बघा, ओठ वर करा, खाऊ द्या. कापणं-पुसणं नंतर. नखाच्या आत रक्तवाहिनी असते, काळ्या नखात दिसत नाही, म्हणून टोकाचं चिमूटभरच कापा. अंघोळ मळला की, कुत्र्यांच्या शॅम्पूने. कानात कापसाची काडी घालू नका. दात कुत्र्यांच्या पेस्टनेच घासा, आपल्या पेस्टमधलं फ्लोराइड गिळायचं नसतं आणि तो तर सगळंच गिळतो.

टप्पा १२ : आता खोल्या उघडा

कोपऱ्यात दोन आठवडे अपघात नाही, वस्तू फाडणं कमी झालंय, थोडा वेळ एकटा राहतो. आता एक खोली. फक्त एक. शू करून आल्यावर लगेच, अर्धा तास, तुम्ही सोबत. तिथे त्याच्यासोबत बसा, जेवण एखाद्या वेळी तिथे द्या, झोपू द्या. ज्या जागी तो खातो-झोपतो ती त्याला घर वाटायला लागते आणि तिथे तो सहसा घाण करत नाही. आठवडा नीट गेला की वेळ वाढवा, मग पुढची खोली. गालिचावाली खोली सगळ्यात शेवटी.

एखाद्या खोलीत गडबड झाली तर ती आठवडाभर बंद करा, बाकीच्या चालू ठेवा. एका अपघातासाठी अख्खं घर काढून घ्यायची गरज नसते.

आणि सहा-आठ महिन्यांच्या आसपास एक दिवस असा येतो की सगळं शिकलेलं कुत्रं नावाने हाक मारली तर बघत पण नाही, रिमोट चावतं, कुठेतरी पाय वर करून मोकळं होतं. वयात आलंय. नसबंदी कधी करायची हे जात आणि आकार बघून व्हेटशी बोला, मोठ्या जातींमध्ये थोडं थांबायला सांगतात. तोवर दोन खोल्या परत बंद करायच्या, खिशात पुन्हा खाऊ ठेवायचा, बाहेर परत पट्टा लावायचा आणि टप्पा ५ चा क्रम पुन्हा लावायचा, ह्या वेळी तो बराच लवकर उरकतो.